पाण्यातला अंगरखा

आमच्या घरात पाटा-वरवंटा अजून शाबूत आहे, हे मी आल्यागेल्याला अभिमानाने सांगत असे. २०१९च्या डिसेंबरात सौ.ने मला तो अभिमान मिरवायची बंदी केली. कारण सलग आठ दिवस त्या पाट्याखाली मी रबराच्या दोन बाह्या दाबून ठेवल्या होत्या आणि आठ दिवस घरात पाट्यावरची चटणी झाली नव्हती. एक बाही विदेशी सूटची होती, दुसरी देशी सूटची. आठ दिवसांनी पाटा उचलल्यावर कोणती बाही लवकर फुगून पूर्ववत होते, ते मला पाहायचं होतं. आयुष्यभर बँकेत लोकांचे ताळेबंद तपासणाऱ्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने पाणबुड्यांच्या पोशाखात का लक्ष घालावं, हे सांगायचं तर त्या वर्षीच्या ऑगस्टपासून सुरुवात करावी लागेल.

कोल्हापूरकरांना पूर नवा नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. २००५चा पूर आम्ही पाहिला होता आणि आता याहून मोठा येणार नाही अशी स्वतःची समजूत घालून घेतली होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. शाहूपुरीत होड्या फिरू लागल्या, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला, आंबेवाडी आणि प्रयाग चिखली या गावांतून माणसं बाहेर काढावी लागली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे आणि नौदलाचे जवान आले. ते येईपर्यंत आणि ते आल्यानंतरही त्यांच्या जोडीला पेठापेठांतली पोरं पाण्यात होती.

आमच्या तालमीतलीही सात-आठ पोरं होती. पंचगंगेच्या घाटावर आणि विहिरींत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली. अंगावर हाफ पँट, वर कुणाकडून तरी मागून आणलेलं लाइफ जॅकेट. पुराचं पाणी म्हणजे काही स्वच्छ तळं नव्हे. त्याच्या पोटात पत्रे असतात, तारा असतात, बाभळीच्या फांद्या असतात, फुटक्या काचा असतात. तिसऱ्या दिवशी एका पोराची नडगी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पत्र्याने उघडली. अकरा टाके पडले. टाके घातल्यावर तो डॉक्टरांना विचारत होता, "उद्या पाण्यात उतरलं तर चालंल न्हवं?" त्याची आई दवाखान्याच्या बाकड्यावर बसली होती. ती काही बोलली नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिली. तालमीचा खजिनदार म्हणून मी तिथे उभा होतो.

त्या वर्षी आमच्या मंडळाने गणपतीचा मांडव साधा ठेवला आणि उरलेली वर्गणी या पोरांसाठी बाजूला काढली. लाइफ जॅकेट, हेल्मेट, दोर यांच्यावर कुणाचा वाद झाला नाही. वाद झाला तो सूटवर. पाण्यात शरीराला चिकटून बसणारा, रबरी फोमचा, ज्याला वेटसूट म्हणतात, तो अंगरखा घ्यायचा तर देशी की फॉरेनचा? निम्मी मंडळी म्हणाली, "जीवाचा प्रश्न आहे, फॉरेनचाच घ्या." निम्मी म्हणाली, "त्या पैशात देशी तीन येतात. एकाला झाकून दोघांना उघडं ठेवणार का?" दोन्ही बाजू खऱ्या होत्या. असं झालं की सभा नेहमी जे करते तेच तिने केलं. निर्णय खजिनदारावर सोपवून सगळे चहाला गेले.

मी दोन नमुने मागवले. विदेशी सूट एकाच्या आत्येभावाने मुंबईहून आणला. देशी सूट एका लहान कारखानदाराने पाठवला. त्यानंतर मी वाचायला बसलो, कारण ज्या धंद्याला कर्ज द्यायचं त्या धंद्याची माहिती काढायची ही नोकरीने लावलेली सवय आहे.

निओप्रीन हे कृत्रिम रबर अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० साली तयार झालं. त्याचा पाण्यातला अंगरखा करण्याची कल्पना मात्र वीस वर्षांनी सुचली. ह्यू ब्रॅडनर नावाचा एक भौतिकशास्त्रज्ञ होता. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबच्या प्रकल्पावर काम केलेला. १९५१-५२च्या सुमारास, कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना, नौदलाच्या पाणबुड्यांना थंडीपासून कसं वाचवायचं यावर तो विचार करत होता. तोवर सगळ्यांची धडपड पाणबुड्याला कोरडं ठेवण्याची होती. ब्रॅडनर म्हणाला, माणूस भिजला तर भिजू दे, ऊब टिकली म्हणजे झालं. फोमच्या रबरात वायूचे हजारो बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. आपली रजई जशी कापसात अडकलेल्या हवेमुळे उबदार, तसाच हा सूट त्या बुडबुड्यांमुळे उबदार. आत शिरलेल्या पाण्याचा थर ऊब देतो असा पुष्कळांचा समज असतो, पण ते पाणी फक्त जागेवर थांबावं लागतं. खरं काम बुडबुडे करतात. ब्रॅडनरच्या नावावर त्याचं पेटंट झालं नाही. त्याच्या कल्पनेवर पुढे मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या.

हे सगळं लागतं कशाला? कारण पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. आपलं अंग ३७ अंशांचं. कोकणातलं अठ्ठावीस अंशांचं समुद्राचं पाणी हाताला कोमट लागतं, पण त्यात तासभर स्थिर राहिलं की दात वाजू लागतात. मग पावसाळ्यात, रात्री, वाऱ्यात, चार-चार तास नदीत राहणाऱ्या पोराचं काय होत असेल? गारठलेल्या बोटांना दोराची गाठ मारता येत नाही, आणि पुरात सुटलेल्या गाठीने एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

आता त्या दोन सूटांकडे येतो. मी रोजकीर्दीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केले.

पहिली परीक्षा पाट्याची. सगळा काळा फोम दिसायला सारखाच असतो. पण शुद्ध निओप्रीन महाग पडतं, म्हणून स्वस्त मालात दुसरं साधं कृत्रिम रबर मिसळतात. असा मिश्र फोम नवा असताना छान मऊ लागतो. दाब पडत राहिला की त्यातले बुडबुडे बसतात आणि सूट पातळ होतो. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि बुडबुडे निम्म्यावर येतात. वर आल्यावर ते पुन्हा फुगले पाहिजेत. आठ दिवसांनी पाटा काढला तेव्हा मी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मित्राचा व्हर्नियर घेऊन बसलो होतो. पाच मिलिमीटरची विदेशी बाही संध्याकाळपर्यंत जवळजवळ पाचावर परत आली. देशी बाही दुसऱ्या दिवशीही चारच्या आतच होती.

दुसरी परीक्षा शिवणीची. बाहीचं मनगट सुतळीने घट्ट बांधायचं, आत पाणी भरायचं आणि न्हाणीत टांगून ठेवायची. विदेशी बाहीचे तुकडे आधी एकमेकांना चिकटवलेले होते आणि मग सुई निम्म्या जाडीपर्यंतच नेऊन शिवलेले होते. सुई आरपार गेलेलीच नव्हती. पाणी थांबलं. देशी बाहीची शिवण उशीच्या अभ्र्यासारखी आरपार. प्रत्येक टाक्याचं भोक, प्रत्येक भोकातून थेंब. सौ. म्हणाली, "अहो, हे ठिबक सिंचन दिसतंय."

दोन्ही वेळा विदेशी जिंकला. मी रकान्यात तसं लिहिलं आणि सूट अंगावर चढवून बघायला तालमीत नेले.

तिथे सगळं उलटं झालं. आमचा एक पोरगा लाल मातीत वाढलेला. मानेचा घेर आणि मांडीचा घेर यांत फारसं अंतर नाही. विदेशी सूटचा 'लार्ज' त्याच्या खांद्यांवर अडला. चेन पाठीच्या निम्म्यावर येऊन थांबली. "काका, चढवताना जीव जातोय, आन् काढताना कातडं निघतंय," तो म्हणाला. दुसरा शिडशिडीत. त्याला 'मीडियम' दिला तर कंबरेपाशी एवढा फुगा की त्यात लिंबं ठेवावीत. असा सैल सूट म्हणजे थंड पाण्याचा नळच. हालचाल केली की आतलं कोमट पाणी बाहेर आणि बाहेरचं गार आत. बुडबुडे कितीही चांगले असले तरी उपयोग शून्य. देशी कारखानदाराने मात्र फोनवर मापं घेऊन पाठवलेला नमुना त्या शिडशिडीत पोराला असा बसला की जणू अंगावरच कापला होता.

आणि एक गंमत. विदेशी सूटच्या आतल्या बाजूची बारीक चिठ्ठी मी भिंग लावून वाचली. नाव अमेरिकेचं, शिवण थायलंडची. देशीवाल्याला फोन केला तर तो मोकळेपणाने म्हणाला, "साहेब, शिवतो आम्ही इथं, पण फोमची शीट बाहेरूनच येते." म्हणजे विदेशी म्हणावा तो आशियात शिवलेला, आणि देशी म्हणावा त्याचा माल परदेशचा. जगातले कितीतरी नामांकित सूट तैवानी मालकीच्या कारखान्यांतून शिवून निघतात, हे मला नंतर कळलं.

रोज सूट वापरणाऱ्यांना विचारावं म्हणून २०२०च्या जानेवारीत दोन पोरांना घेऊन मी फोंडा घाटाने मालवणला उतरलो. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाचं पाणबुडीचं प्रशिक्षण देणारं केंद्र आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ बघायला डुबक्या मारणाऱ्यांची तर जत्राच असते. एका होडीवरच्या जाणत्याने मला तीन मिलिमीटरचा सूट दिला. "आजोबा, इथं एवढा बास," म्हणाला. मी पाण्यात उतरलो. पाठीच्या कण्यावरून गार पाण्याची एक रेघ सरसरत खाली गेली, अंग शहारलं, आणि मिनिटभराने ती रेघ माझ्याच ऊबेने निवली. खाली मासे होते, पण माझं लक्ष माझ्या काखेत पाणी शिरतंय का इकडे होतं.

वर आल्यावर त्या जाणत्याला मी माझा प्रश्न विचारला. त्याने मलाच उलट विचारलं, "तुमका खंय उतरूचा आसा?" मी म्हटलं, पुराच्या नदीत. तो हसला. म्हणाला, मग तुम्ही चुकीच्या गोष्टी मोजताय. समुद्रात खोल जाणाऱ्याला बुडबुडे दबून चालत नाहीत. तुमची पोरं खोल जाणार नाहीत, पृष्ठभागावर राहणार. तुम्हाला गुडघा, नडगी, कोपर इथं जाड ठिगळ हवं. शिवण पक्की हवी. आणि सूट मापाचा हवा. शिवाय सूट पाण्यावर तरंगतो म्हणून लाइफ जॅकेट काढून ठेवू देऊ नका. अंगरखा वेगळा आणि जॅकेट वेगळं.

परतीच्या वाटेवर, राधानगरीच्या जंगलात, एक पोरगा सहज म्हणाला, "काका, पोशाखात एवढं काय असतंय ओ? आपला वीरधवल काय सूटवर जिंकला?" प्रश्न बरोबर होता. २००८ साली शर्यतीच्या जलतरणात अंगाला घट्ट आवळणारे नवे पोशाख आले, आणि २००९च्या रोम इथल्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले. ते माणसाने मोडले की पोशाखाने, यावर एवढा गदारोळ झाला की १ जानेवारी २०१०पासून त्या पोशाखांवर बंदी आली. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं. १९८६मध्ये खजान सिंगने रौप्य मिळवल्यानंतर चोवीस वर्षांनी भारताला जलतरणात आशियाई पदक मिळत होतं. म्हणजे पोराचं खरं होतं. पण मी त्याला म्हटलं, वीरधवलच्या तलावात पत्रे नव्हते. तो गप्प बसला आणि नकळत स्वतःच्या नडगीवरून हात फिरवू लागला. अकरा टाकेवाला तोच होता.

'तुम्हाला कुठं उतरायचंय?' हा त्या होडीवाल्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. घरी सौ.ला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. सहज म्हणाली, "तुम्ही बँकेत कर्जदाराला कधी विचारलंत का असं? तिथं तर माणूस योजनेत बसतो की नाही एवढंच बघायचात." ती चेष्टेने म्हणाली होती. मला मात्र १९८९ साल आठवलं.

मी तेव्हा एका शाखेत कर्जविभाग बघत होतो. रेक्झिनची सीट कव्हरं आणि ताडपत्र्या शिवणारा एक माणूस आला. त्याला मुंबईच्या व्यापाऱ्याकडचं एक जुनं जपानी शिलाई यंत्र घ्यायचं होतं. जाड माल वरून आणि खालून एकाच वेळी पुढे ओढणारं. योजनेत नव्या यंत्रालाच कर्ज बसत होतं, आणि दरपत्रक होतं ते देशी यंत्राचं. तो म्हणाला, "साहेब, यंत्र कुठलं का असंना, मला जाड माल शिवायचाय. ह्या यंत्राचा जाडावर टाका सुटतोय." मी म्हणालो, "योजनेत बसत नाही." त्याने नाइलाजाने देशी यंत्र घेतलं. ते कापडावर उत्तम चालायचं, ताडपत्रीवर टाका सोडायचं. ताडपत्र्यांचं मोठं काम त्याच्या हातून गेलं. रात्र-रात्र शाळेची दप्तरं शिवून त्याने सगळे हप्ते वेळेवर फेडले. माझ्या बढतीच्या मुलाखतीत मी ते खातं 'आदर्श वसुली' म्हणून सांगितलं होतं.

ते यंत्र वाईट नव्हतं, ते देशी होतं हाही त्याचा दोष नव्हता. तुला काय शिवायचंय, हे त्याने सांगूनही मी ऐकलं नाही, एवढीच ती चूक होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानी गेलो. तो माणूस आता नाही, मुलगा दुकान चालवतो. मनात धाकधूक होती. मुलाने मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "वडील कायम सांगायचे, ह्या साहेबांनी कर्ज दिलं म्हणून दुकान उभं राहिलं." यापेक्षा त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. चहा कसाबसा संपवला आणि पिशवीतून देशी सूट काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने शिवण बोटाने ताणून, उजेडाकडे धरून बघितली. "टाका आरपार आहे. आतून चिकटवून वर पट्टी मारली तर पाणी धरील. आणि गुडघ्याला जाड ठिगळ मी लावतो. आता माझ्याकडं जाड मालाचं यंत्र हाय," तो म्हणाला. त्या यंत्राकडे मी नीट बघू शकलो नाही.

मग निर्णय सोपा झाला. देशी कारखानदारालाच ऑर्डर दिली, पण कागदावर तीन अटी घालून. फोम शुद्ध निओप्रीनचा हवा, मिश्र नको. प्रत्येक पोराची पंधरा मापं आम्ही पाठवू त्याप्रमाणेच कापायचा. शिवणीआधी तुकडे चिकटवायचे. किंमत वाढली, तरी विदेशीच्या निम्म्याहून थोडी वरच राहिली. मध्ये टाळेबंदी आली आणि माल वर्ष संपता संपता हातात पडला. एक बाही मी पुन्हा पाट्याखाली घातली. सौ.ने या वेळी चटणी आधीच करून ठेवली होती. बाही दुसऱ्या सकाळी जवळजवळ पूर्ववत झाली. विदेशीएवढी लवकर नाही, पण आम्हाला पुरेल एवढी. मग सहाही सूट त्या दुकानात गेले. आतून पट्ट्या लागल्या. गुडघ्यांवर, नडग्यांवर ठिगळं लागली. मजुरी विचारली तर तो घेईना. पावतीशिवाय खजिनदाराला चालत नाही असं सांगून मी ती त्याच्या गल्ल्यात ठेवली.

२०२१च्या जुलैत पंचगंगेने पुन्हा पात्र सोडलं. पोरं पुन्हा उतरली. मी काठावर वही घेऊन उभा होतो, कोण कधी उतरला आणि कधी वर आला ते लिहीत. चार तासांनी वर आलेल्या पोराच्या हातात चहाचा कप हलला नाही, ही नोंद मी मुद्दाम केली. वर आल्यावर सगळ्यांनी साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, हा नियम डॉक्टरांनी घालून दिला होता. सूट अंग झाकतो, पण पुराच्या पाण्यातले रोगजंतू तो अडवत नाही. जखमेतून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार आत शिरू शकतो.

पाणी ओसरल्यावर सूट गोड्या पाण्यात धुऊन, उलटे करून, सावलीत वाळत घातले. उन्हात रबर कडक होऊन तडकतं, म्हणून तालमीच्या आतल्या भिंतीला, मुदगलांच्या शेजारी. अकरा टाकेवाल्याच्या सूटचं नडगीवरचं ठिगळ वीतभर फाटलं होतं. खालचा फोम निम्मा चिरला होता. त्याच्या पायावर फक्त एक तांबूस वळ होता.

त्याची आई तालमीत आली होती. तिने फाटलेलं ठिगळ बोटांनी उघडून बघितलं, मिटवलं, आणि मला विचारलं, "हे शिवून मिळंल न्हवं?"

मी म्हणालो, "मिळेल की. शिवणारा चांगला आहे."